एकाच गिअरची माउंटन बाइक: दात्यांचे गणित आणि चेनची रेषा

एकाच गिअरची सायकल ही मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. दूधवाला, पोस्टमन आणि गिरणीकामगार यांच्या ज्या काळ्या, जाड नळ्यांच्या सायकलींनी महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या वाहून नेल्या, त्या सगळ्या याच जातीच्या होत्या: पुढे एक दातेरी चक्र, मागे एक फ्रीव्हील, दोहोंमध्ये एक चेन आणि चढ आला की खाली उतरून ढकलण्याची तयारी. माउंटन बाइक नेमकी या ढकलण्यातून सुटका व्हावी म्हणून गिअरांच्या मागे लागली. तिच्यावर एके काळी सत्तावीस गिअरांची यंत्रणा बसवण्याची चाल होती, ती याच कारणाने. असे असताना डोंगरवाटांसाठीच जोडलेल्या सायकलीवर मुद्दाम एकच गिअर ठेवणे हा वरकरणी हट्ट वाटतो, आणि त्यात थोडा हट्ट आहेही. तथापि गिअर काढून टाकले म्हणजे गिअर निवडण्याचे काम संपते, ही समजूत मात्र चुकीची आहे. एरवी चढाच्या तोंडाशी अंगठ्याच्या एका दाबाने होणारी ही निवड आता सायकल जोडण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन करावी लागते, आणि त्या एका निवडीतूनच पुढे हब, चेन, क्रँक, फ्रेम, इतकेच काय, हँडलची रुंदीही ठरत जाते.

इतिहासाकडे पाहिले तर हा प्रकार नवा नाही, उलट मूळचाच आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात माउंट टॅमल्पायस नावाचा डोंगर आहे. त्याच्या आसपासच्या मातीच्या रस्त्यांवरून १९७० च्या दशकात काही तरुण श्विन कंपनीच्या एक्सेलसिअरसारख्या, १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जाड टायरच्या जुन्या सायकली उतारावर सोडत. या सायकलींना मूळचा गिअर एकच असे आणि पायडल उलटे दाबले की मागच्या हबमध्येच लागणारा ब्रेक असे. लांब उतारावर तो ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि हब उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. नव्याने भरण्याच्या या क्रियेसाठी असलेल्या ‘रिपॅक’ या शब्दावरून तिथल्या शर्यतीला नाव पडले, आणि तिची पहिली फेरी २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. वर चढताना मात्र ही मंडळी सायकली ढकलत किंवा गाडीत घालून नेत. वरही सायकलवरूनच जावे या इच्छेतून त्यांवर गिअर आले. जो ब्रीझ यांनी या कामासाठी खास फ्रेम बांधल्या, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकली विकण्याचा व्यवसाय थाटला, आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची पंधरा गिअरांची ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली. त्यानंतर गिअरांचा आकडा वाढतच गेला. १९९० च्या दशकात त्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली तीही बरीचशी कॅलिफोर्नियात आणि ब्रिटनमध्ये. ब्रिटनच्या हिवाळ्यातला चिखल गिअर बदलणाऱ्या नाजूक यंत्रणेची, म्हणजे डिरेलरची, एका मोसमात वाट लावतो. सह्याद्रीतल्या पावसाळी वाटांवर सायकल घालणाऱ्यांनाही हे कारण वेगळे सांगायला नको. एकेरी गिअरच्या या पंथाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते आणि तिच्या विजेत्याला बक्षीस म्हणून अंगावर गोंदवून घ्यावे लागते, यावरून पंथाचा स्वभावही कळतो.

गणिताची सुरुवात एका जुन्या मापापासून होते. उंच पुढच्या चाकाच्या सायकलींत पायडल थेट चाकाला जोडलेले असे. त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल हे चाकाच्या व्यासावरच ठरे आणि सायकलीची ओळखही त्या इंचांवरून होई. चेन आल्यानंतरही हिशेब तोच राहिला. पुढच्या चेनरिंगच्या दात्यांना मागच्या चक्राच्या दात्यांनी भागावे, आलेल्या गुणोत्तराला चाकाच्या व्यासाने गुणावे, म्हणजे ‘गिअर इंच’ मिळतात. पुढे ३२ आणि मागे १६ दाते असतील तर गुणोत्तर दोनास एक येते आणि २६ इंची चाकावर ५२ गिअर इंच होतात. एकेरी गिअरच्या माउंटन बाइकचा हा जुना आणि बराच भरवशाचा आरंभबिंदू आहे. त्याचा अर्थ असा की पायडलच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्यात सायकल सुमारे ४.१५ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे घेतले तर वेग ताशी १५ किलोमीटर, ९० घेतले तर सुमारे २२ किलोमीटर पडतो, आणि सपाट डांबरी रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर गाठायचे तर मिनिटाला १२० फेरे मारत पाय अक्षरशः भिरभिरवावे लागतात. पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेली २८ इंची काळी सायकल ६८ गिअर इंचांची असते. म्हणजे माउंटन बाइकचा एकमेव गिअर तिच्याहून बराच हलका आहे, आणि सपाटीवर काळी सायकल तिला मागे टाकील यात आश्चर्य नाही.

पुढे २९ इंची चाके रूढ झाली तेव्हा हे आकडे बदलले. चाक मोठे झाले की तेच गुणोत्तर जड पडते, म्हणून दोनास एक हा नियम तिथे आंधळेपणाने लावता येत नाही. या चाकावर ३२ ला १८ घेतले तर साडेएक्कावन्न इंच येतात, म्हणजे जवळजवळ जुनाच गिअर. १९ घेतले तर ४९ च्या आत, आणि २० घेतले तर साडेसेहेचाळीस. याहून नेमके माप अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे सायकल-कारागीर शेल्डन ब्राउन यांनी सुचवले होते. क्रँकची, म्हणजे पायडल धरून ठेवणाऱ्या दांड्याची, लांबी गिअर इंचांत येत नाही ही त्यांची हरकत होती, म्हणून चाकाच्या त्रिज्येला क्रँकच्या लांबीने भागून त्याला दात्यांच्या गुणोत्तराने गुणावे असे त्यांनी मांडले. या आकड्याला कोणतेच एकक लागत नाही. पायडल एक सेंटीमीटर फिरले की सायकल किती सेंटीमीटर सरकते, एवढेच तो सांगतो.

याच आकड्यावरून चढाचा अंदाज घेता येतो. ७५ किलो वजनाचा सायकलस्वार १२ किलोच्या सायकलीवर उभा राहून आपला सगळा भार एका पायडलवर टाकतो असे धरले, तर १७५ मिलिमीटर क्रँक, ३३० मिलिमीटर त्रिज्येचे चाक आणि दोनास एक गुणोत्तर या हिशेबाने टायरच्या तळाशी सुमारे २० किलोचा रेटा मिळतो. पण हा रेटा क्रँक आडवा असतानाच मिळतो. पायडल वर-खाली टोकाला पोहोचले की तो शून्यावर येतो, आणि पूर्ण फेऱ्याची सरासरी तेराच्या आतच राहते. ८७ किलो ओझ्याला हा रेटा शंभर मीटरमागे चौदा मीटरांच्या चढापर्यंत पुरतो, आणि सैल माती, खडी, टायरचे दबणे यांचा वाटा वजा केला की प्रत्यक्षात त्याहून बराच कमी. २९ इंची चाकावर ३२ ला २० घेतले तर तीच मर्यादा सोळावर जाते. हँडल वर ओढून पायडलवर वजनापेक्षा अधिक जोर देता येतो हे खरे, पण तो थोडा वेळच टिकतो. नवखा माणूस ‘पाय तयार होतील’ या आशेने जड गिअर निवडतो. पाय तयार होण्याआधी बहुधा गुडघे तक्रार करतात.

म्हणून निवड वाटेवरच्या सर्वांत उभ्या चढावर बेतू नये, कारण तो पन्नास-साठ मीटरचा तुकडा उतरून चालत गेले तरी फारसे बिघडत नाही. जो चढ प्रत्येक फेरीत येतो आणि दहा-पंधरा मिनिटे संपत नाही, त्यावर ती बेतावी. ज्याच्याकडे गिअरची सायकल आहे त्याने पैसे खर्च करण्यापूर्वी तिच्यावरच ३२ ला १६ किंवा १८ च्या जवळचा गिअर लावून, आठवडाभर बटणाला हात न लावता नेहमीच्या वाटा फिराव्यात. याहून स्वस्त प्रयोग नाही. मागच्या चक्रावर एक दाता वाढवला की गिअर पाच-सहा टक्क्यांनी हलका होतो आणि पुढच्यावर एक कमी केला की तीन टक्क्यांनी, म्हणून ढोबळ बदल मागे आणि बारीक बदल पुढे करावेत. हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवून, चाक उलटे करून गिअर बदलण्याची जुनी युक्तीही आहे. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या शर्यतीत डिरेलरला १९३७ पर्यंत मज्जाव होता, आणि तोवर आल्प्सच्या पायथ्याशी स्वार खाली उतरून चाके उलटीसुलटी करत असत.

गिअर ठरला की दुसरा प्रश्न चेनच्या रेषेचा. सायकलच्या मधोमध एक उभे पातळ काल्पनिक प्रतल धरले, तर त्यापासून पुढच्या चेनरिंगच्या दात्यांचे अंतर आणि मागच्या चक्राच्या दात्यांचे अंतर एकच असले पाहिजे. गिअरच्या सायकलीत चेन तिरकी जाणे अटळ असते आणि तिथली चेन त्यासाठी लवचीक केलेली असते. इथे तिरकेपणाला काही सबब नाही. माउंटन बाइकच्या क्रँकवर हे अंतर सामान्यतः ४७ ते ५२ मिलिमीटरांच्या दरम्यान येते. ते मोजण्यासाठी सरळ पट्टीखेरीज काही लागत नाही, आणि एखाद-दुसऱ्या मिलिमीटरपलीकडचा फरक खपवून घेऊ नये, कारण तिरकी चेन आवाज करते, दाते एका बाजूने घासते आणि धक्क्यात उतरून पडते. ज्याचा जीव खडकाळ उतारावर चेन जागेवर राहण्यावर अवलंबून आहे, त्याने हे मोजमाप दुकानदारावर सोडू नये.

तिसरा प्रश्न ताणाचा, आणि एकेरी गिअरच्या सायकलीची फ्रेम निवडताना खरे तर हाच सर्वांत महत्त्वाचा. गिअरच्या सायकलीत चेनचा सैलपणा डिरेलरची स्प्रिंगवर चालणारी बाही शोषून घेते. ती काढली की चेन घट्ट ठेवण्याची जबाबदारी मागच्या आसाच्या जागेवर येते. या चेनवर किती ओढ पडते याचा अंदाज फार थोड्यांना असतो. वरच्याच सायकलस्वाराचे ७५ किलो १७५ मिलिमीटरच्या क्रँकवरून ३२ दात्यांच्या चेनरिंगवर उतरतात. त्या चेनरिंगची त्रिज्या जेमतेम ६५ मिलिमीटर असते, म्हणून चेनवर २०० किलोंहून अधिक ओढ येते. ही सगळी ओढ आसाच्या उजव्या टोकाला पुढे खेचते. नट किंचित ढिले असले तरी आस उजवीकडून सरकतो, चाक तिरके होते आणि टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासू लागतो.

या ओढीला तोंड देण्याच्या रीती चार आहेत. सर्वांत जुनी म्हणजे काळ्या सायकलीत असते तशी, आसासाठी आडव्या लांब खाचा ठेवण्याची. माउंटन बाइकमध्ये या खाचा बहुधा मागे उघडणाऱ्या असतात आणि आस मागे ओढून धरणारे छोटे बोल्ट त्यांना जोडता येतात. रचना साधी आणि मजबूत आहे, पण डिस्क ब्रेक असेल तर आस सरकवला की ब्रेकची पकडही पुन्हा जुळवावी लागते, आणि पंक्चर काढायला चाक बाहेर घेताना हात काळे होतात. दुसऱ्या रीतीत आस बसण्याचे संपूर्ण तुकडेच फ्रेमवर पुढेमागे सरकतात आणि ब्रेकही त्यांच्यावरच बसवलेला असतो, त्यामुळे ताण बदलला तरी ब्रेक जागच्या जागी राहतो. तिसरीत मागचा आस स्थिर असतो आणि क्रँकचा आस ज्या नळीतून जातो ती बॉटम ब्रॅकेटची नळी मोठी करून त्यात मध्यापासून हटलेल्या छिद्राचा एक दंडगोल बसवतात. तो फिरवला की क्रँक पुढे-मागे जातो, मात्र त्याबरोबर थोडा वर-खालीही जातो, म्हणून सीटची उंची पुन्हा लावावी लागते, आणि माती शिरली की ही जागा करकरते. चौथी रीत म्हणजे ज्या फ्रेममध्ये आसाची खाच सरळ उभी आहे, तिथे स्प्रिंगच्या बाहीवर एक लहान चक्र बसवून चेन दाबून धरणे. ही बाही चेन खालून वर ढकलणारी असेल तर मागच्या चक्राचे जास्त दाते पकडीत राहतात, म्हणून तीच बरी. नवी फ्रेम घ्यायची असेल तर सरकत्या तुकड्यांची घ्यावी. जुन्या गिअरच्या सायकलीचे रूपांतर करून पाहायचे असेल तर बाही पुरेशी आहे.

उभ्या खाचेच्या फ्रेमवर बाहीशिवायच चेन घट्ट बसेल अशी दात्यांची जोडी शोधण्याचा छंदही काहींना असतो. या शोधामागचे गणित उपयोगी आहे. सायकलच्या चेनमध्ये दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. पुढे किंवा मागे एक दाता वाढवला की आस सुमारे तीन मिलिमीटर पुढे घ्यावा लागतो, आणि चेनमध्ये कड्यांची एक पूर्ण जोडी वाढवली की आस पावणेतेरा मिलिमीटर मागे जातो. त्यामुळे दात्यांची बेरीज तीच ठेवून गुणोत्तर बदलले, उदाहरणार्थ ३२ ला १८ ऐवजी ३३ ला १७ किंवा ३१ ला १९ केले, तर आस जवळजवळ हलत नाही. पण एखादी जोडी अगदी चपखल बसली तरी ते सुख अल्पायुषी असते. या मापाची चेन साधारण पावणेबारा-शे मिलिमीटर लांब असते. पिना झिजून ती अर्धा टक्का लांबली तरी आस आणखी तीन मिलिमीटर मागे घ्यावासा वाटेल इतकी सैल पडते, आणि उभ्या खाचेत तेवढी जागा नसते. छंद म्हणून हे ठीक आहे, डोंगरात भरवसा ठेवण्यासाठी नाही.

मागच्या हबच्या बाबतीतही पर्याय आहेत. गिअरच्या चाकावर ज्या खाचदार नळीवर आठ-दहा चक्रे बसतात, तिच्यावर एकच चक्र आणि दोन्ही बाजूंना रिकाम्या चकत्या घालता येतात. या रीतीचा मोठा गुण असा की चकत्या इकडच्या तिकडे करून चेनची रेषा मिलिमीटरच्या हिशेबात जुळवता येते. दोष एवढाच की पातळ पत्र्याचे स्वस्त चक्र अॅल्युमिनियमच्या नळीत चावे घेत रुतते. एकाच चक्रावर सगळा जोर येत असल्याने बुंध्याशी रुंद असलेलेच चक्र घ्यावे. दुसरा पर्याय आट्यांवर बसणाऱ्या फ्रीव्हीलचा. त्याचे आटे १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात, आणि ब्रिटिश सायकलींपासून चालत आलेले हे माप भारतीय सायकलच्या दुकानात परके नाही. पण स्वस्त फ्रीव्हीलमधले छर्रे आणि खटके खडकाळ चढावरच्या धक्क्यांसाठी घडवलेले नसतात. शिवाय पायडल मारण्याच्या जोरानेच ते आट्यांवर आवळत जाते, म्हणून काढण्यासाठी चार खोल खाचा असलेले फ्रीव्हील घेणे शहाणपणाचे; दोन खाचांच्या फ्रीव्हीलशी झगडण्यात अनेकांच्या संध्याकाळी गेल्या आहेत.

तिसरा पर्याय खास एकेरी गिअरसाठी घडवलेल्या हबचा आहे आणि तो महाग असला तरी त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गिअरच्या हबमध्ये चक्रांच्या गठ्ठ्याला जागा करून देण्यासाठी उजवीकडची आरे अडकवण्याची कड आत सरकवलेली असते, त्यामुळे उजव्या बाजूचे आरे अधिक ताणलेले आणि डावीकडचे ढिले राहतात. एकाच चक्राला तेवढी जागा लागत नाही, म्हणून दोन्ही कडा मध्यापासून सारख्या आणि लांब ठेवता येतात, सगळ्या आऱ्यांवर सारखा ताण येतो, आणि असे चाक आउट काढायला क्वचितच न्यावे लागते. याशिवाय हबच्या पकडीचा प्रश्न असतो. थांबलेल्या पायडलवर पुन्हा जोर देताना हबमधले खटके पुढच्या खाचेत अडकेपर्यंत क्रँक मोकळा फिरतो. हबच्या एका फेऱ्यात १८ जागी पकड असेल तर हबवर हे मोकळे फिरणे वीस अंशांपर्यंत आणि दोनास एक गुणोत्तरात क्रँकवर दहा अंशांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे १७५ मिलिमीटरच्या क्रँकचे टोक तीन सेंटीमीटर वाया जाते. क्रिस किंग कंपनीच्या हबमध्ये ७२ जागी पकड असते, म्हणून तिथे ते पाऊण सेंटीमीटरवर येते. सपाटीवर हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण दोन धोंड्यांच्या मध्ये अडकलेल्या, वेग संपलेल्या आणि हलका गिअर नसलेल्या सायकलस्वाराला अर्ध्या फेऱ्याचाच अवसर असतो, आणि त्यातले तीन सेंटीमीटर त्याला परवडत नाहीत. पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर तो इथे घालावा. फ्रेम दोनशे ग्रॅमने हलकी करण्यात तो घालवू नये.

चक्रे आणि चेनरिंग निवडताना दात्यांच्या आकाराकडे पाहावे. गिअरच्या चक्रांचे दाते चेन सहज उतरावी म्हणून काही ठिकाणी आखूड आणि तिरके कापलेले असतात; एकेरी गिअरमध्ये चेन उतरणे हाच अपघात असल्याने दाते उंच, सरळ आणि सगळे सारखे हवेत. चेनची आतली रुंदी दोन मापांत मिळते, एक इंचाच्या आठव्या भागाएवढी आणि दुसरी बत्तिसांपैकी तीन भागांएवढी. रुंद चेन पातळ चक्रावर चालते, पातळ चेन रुंद चक्रावर बसतच नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी केलेल्या आणि १९९९ मध्ये जाहीर झालेल्या मोजमापांत सायकलच्या चेनची कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत आढळली होती. मोठी चक्रे आणि जास्त ताण यांमुळे ती वाढते असेही त्यांत दिसले, आणि प्रयोगशाळेतल्या स्वच्छ हवेत तेलाने फारसा फरक पडला नाही. डोंगरातली हवा प्रयोगशाळेची नसते, म्हणून तेल सोडू नये. पण ३२ ला १६ ऐवजी ३६ ला १८ घेतले तर गुणोत्तर तेच राहून चेनवरची ओढ २०० वरून १८० किलोंवर येते आणि झीज अधिक दात्यांवर वाटली जाते, हा फायदा खरा आहे. मोठी चेनरिंग ओंडक्यांवर आणि दगडांवर लवकर आपटते, म्हणून फार खडकाळ मुलखात मात्र ३२ च बरी.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यातच सांगता येते. फ्रेम मागे सस्पेन्शन नसलेली घ्यावी, कारण मागचे चाक वर-खाली होताना बहुतेक रचनांत आस आणि क्रँक यांतले अंतर बदलते आणि चेन एकदा ताणते, एकदा सैल पडते. क्रोमोली पोलाद वजनाला थोडे जास्त पण धक्का सोसण्यात आणि दुरुस्तीत उजवे. उभे राहून पायडल मारताना पुढचे सस्पेन्शन दबून जोर खाते, म्हणून अनेक जण कडक फोर्क पसंत करतात आणि त्यात वजनही चांगले वाचते. मात्र ज्या फ्रेमची रचना सस्पेन्शन धरून केली आहे तिला तेवढ्याच उंचीचा कडक फोर्क हवा, नाहीतर पुढचा भाग खाली बसून सायकलची वळण्याची ढब बिघडते. क्रँक १७५ मिलिमीटरचे सर्वसाधारण, उंच माणसाने १८० चे घेतले तर तरफेचा थोडा लाभ. हँडल रुंद हवे, कारण चढावर ते वळवण्याइतकेच ओढण्यासाठी वापरले जाते. ब्रेक डिस्कचे असावेत, कारण रिमवर दाबणाऱ्या ब्रेकचे रबर आस सरकवला की रिमवरून घसरते.

जोडणीचा क्रम निवडीच्या क्रमानेच चालतो. आधी मागचे चक्र आणि चेनरिंग लावून रेषा मोजावी, मग चेन कापावी, आणि आस खाचेच्या मध्याच्या थोडा पुढे राहील अशी तिची लांबी ठेवावी, म्हणजे चेन झिजली की मागे घ्यायला जागा उरते. ताण लावताना क्रँक पूर्ण फिरवून पाहावा. चेनरिंग कधीच अगदी गोल बसत नाही, त्यामुळे चेन एका ठिकाणी आवळते आणि दुसऱ्या ठिकाणी सैल होते. आवळलेल्या जागी चेनरिंगचे बोल्ट किंचित ढिले करून तिथे चेनवर हलके ठोकले की चेनरिंग मध्यावर येते, आणि दोन-तीनदा असे करून मगच बोल्ट पक्के करावेत. सर्वांत घट्ट जागी चेन बोटाने वर-खाली साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. वीणेच्या तारेसारखी ताणलेली चेन छर्रे खाते. बारा इंचांत बसणाऱ्या कड्या सव्वाबारा इंचांकडे अर्ध्या वाटेवर पोहोचल्या, म्हणजे बारा इंच आणि आठवा भाग भरल्या, की चेन बदलावी, तीही दात्यांचे टोक आकड्यासारखे वळण्यापूर्वी. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत नवे नट हमखास थोडे बसतात आणि आस सरकतो, म्हणून आसाला नट असणाऱ्या हबवर सहसा लागणारा १५ मिलिमीटरचा एक पाना तेवढे दिवस पाठीवरच्या पिशवीत असू द्यावा.